अर्ध्या सेल्फला

अहो, आपली गाडी नापास झाली. पंपावरच्या पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि घरातल्या कुणाचा रिपोर्ट वाईट आल्यासारखा आवाज खाली घेऊन म्हणाला, "काकू, लई काळं सोडतीय. असं सर्टिफिकेट नाही निघायचं." मागच्या रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला होता. तुम्ही असतात तर खाली उतरून त्या मशीनलाच दोन शब्द सुनावले असतेत. मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिले. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि मी तुमच्यावर चिडले होते.

चिडायला कारण होतं. गाडीची नोंदणी संपत आली होती. ती वाढवून घ्यायची तर आधी पीयूसी आणि मग आरटीओची तपासणी, हे तुम्हाला माहीत होतं. गेले दोन महिने तुम्ही त्याच्याच मागे होतात. पण तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट अशी, की मी निखिलला शब्द देऊन बसले होते. तेरावं उरकून तो आणि सूनबाई मारुंजीला परत निघाले तेव्हा त्याने विषय काढलाच. म्हणाला, आई, आता तू एकटी या फ्लॅटमध्ये राहू नकोस, आमच्याकडे चल, आणि ती गाडी भंगारात देऊन टाकू. चांगल्या मनाने म्हणाला. चाकणच्या कंपनीत दिवसभर पोरांना ओरडून ओरडून त्याचा आवाज मोठा झालाय, पण त्या दिवशी तो हळू बोलत होता. मला मात्र कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मी म्हटलं, गाडी पास झाली तर गाडीही राहील आणि मीही इथेच राहीन. नापास झाली तर दोन्ही तुझ्या मनासारखं. त्याने लगेच मान डोलावली. त्याला वाटलं, आई हरणार.

मलाही तसंच वाटत होतं, हे खरं. कारण गाडीचं दुखणं मला पाठ होतं. इंजिनला हवा कमी मिळत होती आणि पेट्रोल जास्त. मिस्त्री लोक याला रिच म्हणतात. प्लग काढावा तर काजळी धरलेला, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास, आणि गरम झाली की इंजिन घशात काही अडकल्यासारखं चालायचं. दुखणं माहीत होतं, जागासुद्धा मी ओळखली होती. तुम्ही ती मला बघू दिली नाहीत, आणि तुम्ही गेल्यावर बॉनेट उघडायचं माझ्याच्याने झालं नाही. आपला शेवटचा वाद तोच, आणि तो तसाच अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात.

लोकांना वाटतं नवराबायकोत पैशावरून भांडणं होतात, नाहीतर सासूवरून. आपली निम्मी भांडणं बॉनेटपाशी झाली. तुम्ही लातूरकडून आलात आणि पिंपरीच्या कंपनीत इंजिन टेस्टिंगला लागलात. मी साताऱ्याची, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलावर. तुमचं काम इंजिन चालवून बघायचं, माझं काम आलेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते बघून पास नाहीतर रिजेक्ट म्हणायचं. तुम्ही म्हणायचात, माझ्या बायकोने मला एकदाच पास केलं आणि त्याचा तिला अजून पश्चात्ताप होतोय. गाडी घेतली ती माझ्या नावावर, कारण लायसन्स आधी मला मिळालं होतं. पहिल्या खेपेला तुम्ही रिव्हर्समध्ये नापास झाला होतात. हे मी आजवर चारचौघांत बोलले नाही. आता बोलणार.

रविवार सकाळ म्हणजे गाडीची. तुम्ही बॉनेट वर करून उभे, मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय ॲक्सिलरेटरवर. "रेस दे." "सोड." "परत दे, हळू." हवा-पेट्रोलचं मिक्स्चर कमीजास्त करायचा कार्ब्युरेटरचा तो बारका स्क्रू तुम्ही आत आत फिरवत न्यायचात, इंजिन अडखळायला लागेपर्यंत. मिसिंग सुरू झालं की किंचित मागे. तेवढीच जागा बरोबर, तिथे इंजिन एका सुरात चालतं. ते अडखळणं मला तुमच्या आधी ऐकू यायचं, आणि तुम्हाला ते सहन व्हायचं नाही. मी आतून ओरडायचे, झालं, आता मागे घ्या. तुम्ही म्हणायचात, अजून आहे, थांब. शेवटी मी म्हणेन तिथेच येऊन थांबायचात, पण एक चक्कर इकडेतिकडे मारून. माझं ऐकलं असं दिसायला नको ना.

आणि तुमचे ते ठिपके. टेस्टिंगमध्ये एखादी गोष्ट पक्की केली की तिच्यावर रंगाचा ठिपका द्यायची पद्धत. ठिपका म्हणजे हे तपासून, विचार करून इथे ठेवलंय, कुणी हात लावायचा नाही. तुम्ही ती पद्धत घरी आणलीत. सूनबाईने टाकून दिलेली गुलाबी नेलपॉलिशची बाटली तुमच्या टूलबॉक्समध्ये असायची. कुकरच्या हँडलच्या स्क्रूवर ठिपका, गीझरच्या बटणाखाली ठिपका, शिलाई मशीनच्या टेन्शनच्या खिट्टीवर ठिपका. एकदा मी ती खिट्टी फिरवली तर संध्याकाळभर तोंड फुगवून बसला होतात. शेजारच्या बाई विचारायच्या, तुमच्याकडे एवढे गुलाबी डाग कसले हो. मी सांगायचे, यांना हौस आहे.

आता जानेवारीतली सकाळ. तिच्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहिते. बाहेर चांगलाच गारठा होता. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून छाती चोळत होतात. म्हणालात, गाडी काढ, दवाखान्यात जाऊन येऊ. तुम्ही मला गाडी काढ म्हणालात याचाच मला धसका बसला, कारण तुम्ही शेजारी बसणाऱ्यांतले नव्हतात. मी खाली पळाले. गार इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, म्हणून चोक ओढल्याशिवाय ही गाडी चालू होत नाही, आणि चोकचा तो नॉब घट्ट. माझ्या अंगठ्याचा सांधा तेव्हा सुजलेला. नॉब अर्धाच आला. सेल्फ मारला, इंजिन घरघरलं आणि गप्प. परत मारला. मग घाबरून ॲक्सिलरेटर दाबत सुटले, नको तेच केलं, आणि इंजिनात पेट्रोल तुंबून गाडी ओव्हर झाली. वास सुटला. बॅटरी रडायला लागली. मान वर करून बघते तर तुम्ही भिंतीला धरून खाली आला होतात आणि माझ्याकडे बघत उभे होतात. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. शेवटी वॉचमनने रिक्षा आणली.

दवाखान्यात मी औषधं घ्यायला काउंटरवर गेले होते. परत आले तेव्हा तुम्ही डॉक्टरांच्या खोलीतून शर्टाची बटणं लावत बाहेर येत होतात. "काय नाही, गॅस झालाय. उगं भ्यायलीस." मी विश्वास ठेवला. इन्स्पेक्शनला सगळी हयात काढलेल्या बाईने न तपासता माल पास केला, कारण तिला तो पास व्हायला हवा होता.

त्यानंतर दोन-चार दिवसांत तुम्ही टूलबॉक्स घेऊन एकटेच खाली गेलात. मला सांगितलंत, तू नको येऊ, चहा टाक. इतक्या वर्षांत मला न बसवता बॉनेट उघडलंत ते तेव्हाच. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, मला खाली नेलंत. "बस. चोकला हात लावू नको. नुसती चावी फिरव." मी फिरवली आणि गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली. पुढच्या सकाळी परत तेच. त्याच्या पुढच्याही. अंगावर शाल, हातात चहाचा कप, आणि तुम्ही खांबाला टेकून बघत उभे. मी चेष्टा केली, म्हटलं, सत्तरीला आल्यावर बायकोला गाडी चालू करायला शिकवताय का. तुम्ही म्हणालात, गप बस, उद्या परत यायचं. रिटायर माणसाला काहीतरी चाळा लागतो, असं मी मनाशी म्हटलं.

धूर त्याच सुमाराला सुरू झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा वर येऊन सांगितलं. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या मिक्स्चरच्या स्क्रूच्या मागे लागलात. आत घेतला की इंजिन अडखळायचं, बाहेर घेतला की काळं ओकायचं. रविवार काय, रोजचंच झालं. नोंदणीची तारीख जवळ येत होती आणि तुमचा चेहरा ओढलेला दिसायला लागला. मी सीटवर बसून बसून कंटाळले. म्हटलं, अहो, हा स्क्रूचा दोष नाही. चोक न ओढता गार गाडी चालू होते, गरम झाल्यावर धूर काढते, म्हणजे चोकची झडप पुरती उघडत नाहीये. वरून हवा अडतेय. बारकं पोर सांगेल. तुम्ही म्हणालात, चोक ठीक आहे.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. जुनी गाडी असलेला कुठलाही नवरा घ्या, चोकची तक्रार आली की तो आधी बायकोच्या पर्सवर घसरतो. म्हणे बायका नॉबला पर्स अडकवतात. तुम्ही हा विनोद लग्नाकार्यात किती वेळा केला असेल. मी स्वतः होऊन विचारलं, माझ्या पर्सने ओढला गेला असेल का हो. आयती संधी होती. तुम्ही ती सोडलीत. मान वर न करता नुसतं म्हणालात, नाही, तुझं काही नाही त्यात.

मग ते भांडण. मी सीटवरून उतरले, पुढे आले, एअर क्लीनरच्या झाकणाला हात घातला. त्या झाकणाखालीच कार्ब्युरेटरचं तोंड, तिथेच ती झडप. एक नट फिरवला की सगळं डोळ्यांसमोर. तुम्ही झाकणावर पंजा ठेवलात. चांगला दाबून.

"हात काढा, मला बघू द्या," मी म्हटलं.

"काय बघायलीस? तुला काय कळतंय त्यातलं?"

हे तुम्ही मला म्हणालात. मला. मी चावी सीटवर टाकली आणि वर निघून गेले. पुढे दोन दिवस घरात भांडी तेवढी वाजत होती. तुमच्यासमोर ताट ठेवायचे आणि आत जायचे. तुम्हीही काही बोलला नाहीत, पण त्या दोन्ही सकाळी तुम्ही खाली जाऊन गार गाडी एकदा चालू करून बघून आलात. वरून आवाज येत होता. मला वाटलं, हट्ट बघा या माणसाचा.

अबोला जेमतेम सुटला होता तेव्हा ती सकाळ आली. तुम्ही न्हाणीच्या दारात खाली बसलात. कपाळ घामाने भिजलेलं, हात डाव्या बाजूला. मला हाक मारायचीसुद्धा तुमच्यात ताकद नव्हती, मी आवाजाने धावत आले. शेजारच्यांनी तुम्हाला लिफ्टपर्यंत आणलं. मी पुढे पळाले, चावी घातली, फिरवली, आणि गाडी चालू झाली. विचार करायलाही वेळ लागला नाही. तुम्हाला शेजारी बसवलं आणि निघाले. कोकणे चौकातला सिग्नल मी लाल असताना काढला. आरशात मागे काळा धूर दिसत होता, गाडीत पेट्रोलचा वास भरला होता, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत होते, की हे झाकण उघडू दिलं असतंत तर निदान या वेळी तुम्हाला नीट श्वास घेता आला असता. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "नीट हाण." तुम्ही कधी कुणाच्या ड्रायव्हिंगला चांगलं म्हणाला नाहीत, मलाही नाही.

त्यांनी तुम्हाला लगेच आत घेतलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वेळेत आणलंत. थोडा जरी उशीर झाला असता तरी हाती काही नव्हतं. मग म्हणाले, "पण जानेवारीतच मी यांना अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं होतं." मी भिंतीला लागलेल्या खुर्चीवर बसले. गॅस झालाय म्हणालात तुम्ही मला.

आत आले ती जाब विचारायलाच. तुम्ही नाकावरचा मास्क बाजूला केलात. नर्स ओरडली तरी ऐकलं नाहीत.

"गाडी कशी चालू झाली?"

"कशी म्हणजे? झाली."

"किती सेल्फ मारलेस?"

"अर्ध्या सेल्फला झाली. तुम्ही पडून राहा बघू."

तुम्ही "बास" म्हणालात आणि डोळे मिटलेत. चेहऱ्यावर असं समाधान, की मला संताप आला. इकडे माझ्या पायाखालची जमीन सरकलीय आणि या माणसाला गाडीचं पडलंय. मी तसं बोललेही. तुम्ही डोळे न उघडता हसलात. मग दोन दिवस बरे गेले. निखिल शिफ्टवरून थेट आला, तुम्ही त्याला दाढी वाढली म्हणून सुनावलंत. मऊ भात खाल्लात. माझा सुजलेला अंगठा हातात धरून दाबत बसलात, नर्सच्या देखत, आणि मी हात काढून घेतला नाही. अँजिओग्राफीचं भांडण मी राखून ठेवलं होतं. म्हटलं, घरी गेल्यावर बघते यांच्याकडे. तिसऱ्या सकाळी मी चहा प्यायला खाली गेले होते, वर आले तेव्हा पडदा ओढलेला होता.

तर पंपावरून मी सरळ चिंचवडच्या गावठाणात गुलाबभाऊंच्या गॅरेजवर गेले. ते तुमचे जुने दोस्त, दहाव्याला सगळ्यांत मागे उभे होते आणि मला भेटायचं धैर्य न होऊन निघून गेले होते. गाडीचा आवाज ऐकूनच उठून उभे राहिले. मी सांगितलं, नोंदणीला उद्याचा एक दिवस आहे, आणि काय काय त्याच्यावर अवलंबून आहे तेही सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडून दिलं आणि पाना माझ्या हातात ठेवला. झाकण मीच काढलं.

चोकचा नॉब पूर्ण आत होता आणि झडप अर्धी मिटलेली. मी बरोबर होते, ऐकताय ना. चोकच होता. वाद मी जिंकले, आणि कबूल करायला तुम्ही नव्हतात. मी गुलाबभाऊंना म्हटलं, नॉबपासून झडपेपर्यंतची तार सरकली असेल. त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"वैनी, ही तार सरकलेली न्हाई. ही आवळून बांधलीय. ह्ये बघा."

तार जिथे पकडलेली असते त्या बारक्या स्क्रूच्या डोक्यावर गुलाबी ठिपका होता.

तपासून, विचार करून इथे ठेवलंय. कुणी हात लावायचा नाही.

एकदम सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण एकामागून एक येत गेलं. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्या छातीत बिघाड आहे, तो कधीही दगा देईल. तुम्ही पार्किंगमध्ये मला त्या गाडीशी झटताना पाहिलं होतंत. आणि तुम्ही काय केलंत, तर खाली येऊन गाडीचा चोक आवळलात. ज्याला इंजिन कळतं तो माणूस हेच करणार. स्वतःचं दुरुस्त करायचं सोडून गाडी दुरुस्त केलीत, म्हणजे वेळ आली की माझ्या या मोडक्या अंगठ्यालाही ती चालू व्हावी. नुसती दुरुस्त केली नाहीत, टेस्टिंगला लावलीत, रोज सकाळी, गार इंजिनावर, मला बसवून. आणि झाकण उघडू दिलं नाहीत, कारण ठिपका बघून मी विचारलं असतं, का, आणि मग सांगावं लागलं असतं. धूर काढणारी गाडी पीयूसीत पास होणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून त्या स्क्रूशी झगडत होतात, चोक तसाच ठेवून धूर तेवढा कमी होतो का बघत. ते होणं शक्य नाही. हेही तुम्हाला ठाऊक होतं.

मी तिथे स्टुलावर बसले आणि तुम्हाला मोठ्याने मूर्ख म्हटलं. गुलाबभाऊ दुसरीकडे बघायला लागले. अहो, अँजिओग्राफी केली असतीत तर. मला सांगितलं असतंत तर मी तुम्हाला त्याच दिवशी हाताला धरून नेलं असतं, त्यासाठी गाडीही लागली नसती. मला लहान पोर समजलात का? मी तुम्हाला यासाठी माफ करणार नाही, असं आत्ता तरी वाटतंय. आणि तरी ते दोन दिवस तुम्हीच मला दिलेत. निखिलची दाढी, मऊ भात, अंगठा दाबत बसणं, हे सगळं त्या अर्ध्या मिटलेल्या झडपेतून आलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी छातीवर बसलंय. यातलं कुठलं आधी बोलू, तेच मला कळत नाही.

गुलाबभाऊंनी हळूच विचारलं, "काय करायचं, वैनी? आज ढिली करू, पीयूसी अन् तपासणी उरकली की परत होती तशी आवळून देतो. समदे करत्यात. दादांचं हाय तसं ऱ्हाईल."

मी पुढे झाले. स्क्रू ड्रायव्हर घेतला. ठिपक्याखालचा तो स्क्रू पहिल्यांदा हललाच नाही, तुमचं आवळणं ते. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा रंग तडकला आणि तार सैल झाली. झडप टकदिशी उघडली. मग मी गुलाबभाऊंना सीटवर बसवलं. बॉनेटपाशी मी आणि सीटवर दुसरं कुणी, हे आयुष्यात पहिल्यांदा. "रेस द्या." "सोडा." "परत द्या, हळू." हा मिक्स्चरचा स्क्रू तुम्ही इतका फिरवून ठेवला होतात की इंजिन धड उभं राहीना. दोनदा बंद पडलं. पंपावरची पीयूसी बंद व्हायची वेळ जवळ येत होती, माझा अंगठा ठणकत होता, आणि मला ते अडखळणं ऐकूच येईना, कारण कान तुमच्या आवाजाची वाट बघत होते. तिसऱ्यांदा आत घेत नेला, अगदी हळू. अडखळलं. मी मागे घेतला. "थांब, अजून आहे" असं कुणी म्हणालं नाही, म्हणून एकदाच घेतला आणि सोडून दिला. इंजिन एका सुरात चालायला लागलं.

पीयूसीवाल्याने मशीनकडे पाहिलं, परत पाहिलं आणि म्हणाला, काकू, गाडी बदलून आणली का. दुसऱ्या दिवशी आरटीओच्या तपासणीतही गाडी पास झाली. निखिलला फोन केला तर तो म्हणाला, बाबांनी केलं असतं तसंच केलंस. मी म्हटलं, नाही रे, बाबांनी उलटं केलं होतं. ते त्याला एकदा समोर बसवून सांगायला हवं, अजून जमलेलं नाही.

तपासणीहून परतताना गुलाबभाऊंच्या दारात थांबले. ते स्क्रू ड्रायव्हर घेऊनच बाहेर आले. सकाळी गार इंजिनावर तुमाला तरास हुईल, आवळून देतो, म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मला नियमाची भीती वाटतेय.

आज सकाळी गार इंजिनावर चावी फिरवली. चालू झाली नाही. चोकचा नॉब दोन्ही हातांनी ओढला, तो निम्मा आला, इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. जानेवारीत याच जागी मला घाम फुटला होता. आज मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, शेजारच्या सीटवर पर्स होती. लागू दे गाडीला वेळ. मला आता कुणाला वेळेत पोचवायचं राहिलेलं नाही.